केनियात २०७ डॉलर, इथिओपियात २६ डॉलर: शिलाई कामगाराच्या हातात खरं काय पडतं

प्रश्न असा आलाय: "केनियात गारमेंट कामगाराला महिन्याला २०७ डॉलर आणि इथिओपियात २६ डॉलर असं वाचलं. एवढा फरक असेल तर सगळे कारखाने इथिओपियात का नाही गेले? आणि कामगाराच्या बाजूने बघितलं तर कुठं बरं? मला दोन्हीकडून प्रॉडक्शन मॅनेजरची ऑफर आहे, म्हणून विचारतोय."

मी इंडस्ट्रियल इंजिनियर, टेक्स्टाइल इचलकरंजीला शिकलो, आणि नैरोबीजवळ अथी रिव्हर आणि इथिओपियात हवासा अशा दोन्ही ठिकाणी शिलाईच्या फ्लोअरवर काम केलंय. कारखान्यांची नावं घेणार नाही, गरजही नाही. उत्तर लांबलंय, कारण "इथे जास्त, तिथे कमी" असं एका ओळीत सांगितलं तर ते बरोबर दिसतं पण त्यातून काहीच कळत नाही.

आधी ते आकडे कुठले ते बघा. २६ आणि २०७ हे दोन्ही न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या स्टर्न स्कूलच्या २०१९ च्या अहवालातले आहेत. त्यात बांगलादेश ९५ डॉलरवर होता, म्हणजे इथिओपियाचा पगार ज्याला आपण जगातला सगळ्यात स्वस्त शिलाईवाला समजायचो त्याच्याही एक तृतीयांशापेक्षा कमी. हे २६ म्हणजे बेसिक, साधारण ७५० बिर्र (इथिओपियाचं चलन), आणि तेव्हा डॉलर २८-२९ बिर्रच्या आसपास होता. त्या काळच्या टॅक्सप्रमाणे पहिले ६०० बिर्र माफ, वरच्या १५० वर दहा टक्के म्हणजे १५ बिर्र, आणि पेन्शनचे सात टक्के म्हणजे साडेबावन्न. हातात ६८२ च्या जवळपास. त्यावर अटेंडन्स बोनस, दुपारचं जेवण किंवा त्याचा भत्ता, काही ठिकाणी बस, असं धरून चालायचं. म्हणजे आकडा खोटा नव्हता, पण पूर्णही नव्हता.

आता हेच डॉलरमध्ये मोजायची सवय सोडा, निदान इथिओपियासाठी. जुलै २०२४ च्या शेवटी सरकारने बिर्र मोकळा सोडला, त्याच्या आदल्या दिवशी डॉलर ५७ च्या आसपास होता आणि वर्ष संपेपर्यंत १२० च्या वर गेला. पगार बिर्रमध्ये दुप्पट झाला तरी डॉलरमध्ये जिथल्या तिथे, आणि मधल्या काळात महागाई, २०२२ मध्ये तर वर्षाला तीस टक्क्यांच्या वर होती. मालकाच्या हिशोबात मजूर स्वस्तच राहिला, कामगार बाईच्या हिशोबात टेफचं, म्हणजे तिथल्या रोजच्या धान्याचं, पीठ महागलं. दोघंही खरं बोलतात आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून मी कुठल्याही देशाचा पगार बघताना आधी विचारतो की त्यात एक खोली आणि महिन्याचं पीठ येतं का, आणि त्यानंतर काही उरतं का.

केनियाकडे या. तिथे सरकार किमान वेतनाची ऑर्डर काढतं, बहुतेक वेळा १ मे च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष आकडा जाहीर करतात आणि गॅझेट नंतर सावकाश येतं. २०२४ ला ६ टक्के वाढ १ मे ला जाहीर झाली आणि लागू झाली १ नोव्हेंबरपासून. त्याआधी २०२२ ला १२ टक्के, आणि त्याच्याही आधी २०१८ ला, मधली चार वर्षं कोरडी. बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते ती अशी की ही ऑर्डर देशभर एक नसते, गावानुसार तीन रकाने असतात. २०२४ च्या ऑर्डरप्रमाणे नैरोबी, मोंबासा, किसुमू वगैरे शहरांत साध्या मजुराला १६,११३ शिलिंग, पण अथी रिव्हर ज्या मावोको नगरपालिकेत येतं ती दुसऱ्या रकान्यात, तिथे साधारण १४,८६७. आणि तिसऱ्या रकान्यात, म्हणजे बाकी सगळीकडे, साडेआठ हजारांच्या आसपास! नैरोबीपासून पाऊण तासावर कारखाना टाकला की माणशी बाराशे शिलिंग वाचतात, आणि आता नवीन कारखाने गावाकडे का सरकतायत त्याचं अर्धं कारण इथेच आहे.

मावोकोच्या त्या १४,८६७ चा हिशोब करून दाखवतो, कारण ऑफर लेटरवर बसून हे कोणी सांगत नाही. बेसिकवर १५ टक्के घरभाडं धरा, २,२३०, एकूण १७,०९७. त्यातून निवृत्तीच्या फंडाचे (एनएसएसएफ) सहा टक्के म्हणजे १,०२६, आरोग्याचा एसएचआयएफ पावणेतीन टक्के म्हणजे ४७०, आणि हाउसिंग लेव्ही दीड टक्का म्हणजे २५६. इन्कम टॅक्स या पगाराला लागत नाही, महिन्याला २४ हजारांपर्यंत सूटच आहे. हातात १५,३४५, म्हणजे १२९ च्या रेटने साधारण ११९ डॉलर. हा सगळ्यात खालचा, हेल्परचा. शिलाई ऑपरेटर याच्या वर असतो, जुना असेल तर बराच वर, शिवाय ओव्हरटाइम. पण काही वर्षांपूर्वीपर्यंत या पगारातून जेमतेम दोनशे शिलिंग एनएसएसएफ आणि थोडंसं आरोग्याचं जुनं एनएचआयएफ एवढंच कापलं जायचं. २०२३ पासून आधी एनएसएसएफ वाढला, मग हाउसिंग लेव्ही आली, मग ऑक्टोबर २०२४ ला एसएचआयएफ. ६ टक्क्यांची वाढ कुठे गेली असं ऑपरेटर विचारतात तेव्हा पेस्लिप दाखवायची फक्त.

या पंधरा हजारांत म्लोलोंगो किंवा अथी रिव्हरला पत्र्याची किंवा साधी सिंगल रूम, तीन ते पाच हजार. उगालीचं म्हणजे मक्याचं पीठ, सुकुमाची पालेभाजी, तेल, रॉकेल नाहीतर गॅस, मुलाची फी, आणि गावाकडे आईला एम-पेसाने (मोबाइलवरून) काहीतरी. उरत नाही. कर्ज काढून, चामात पैसे फिरवून महिना काढतात, चामा म्हणजे आपल्याकडच्या भिशीसारखंच, इथिओपियात त्याला इकुब म्हणतात. २०२२ ला मक्याच्या पिठाचं दोन किलोचं पाकीट दोनशेच्या वर गेलं होतं तेव्हा कॅन्टीनमध्ये दुपारी चहा आणि मांदाझीवर (तळलेल्या गोड पावावर) भागवणारे कितीतरी होते. तर केनियाचा पगार चांगला आहे असं जे म्हणतात ते इथिओपियाकडे बघून म्हणतात, नैरोबीच्या बाजाराकडे बघून नाही.

हवासात मात्र गोष्ट वेगळ्याच ठिकाणी अडते. इंडस्ट्रियल पार्क २०१६ ला सुरू झाला, राजधानी अदिस अबाबापासून दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटर, चिनी कंपनीने वर्षाच्या आत उभा केला, शेड्स ५२, चकाचक रस्ते, सांडपाण्याचा एक थेंब बाहेर न सोडणारा प्लांट. बिल्डिंग म्हणून बघितलं तर अथी रिव्हरच्या जुन्या गोडाऊनपेक्षा कितीतरी चांगला, उजेड, हवा, संडास, सगळं. आपल्या ठाण्याच्या रेमंडचाही सिल्व्हर स्पार्क नावाने तिथे सूट शिवायचा कारखाना आहे, अरविंदही होती. सगळं केलं, पण कामगार राहणार कुठे याचा विचार कोणी केला नाही. सिदामा, वोलायता अशा आजूबाजूच्या भागातून अठरा-वीस वर्षांच्या मुली आणल्या, आयुष्यात पहिल्यांदा पगार घेणाऱ्या. गावात अचानक हजारो भाडेकरू, भाडं वाढलं. एका खोलीत चार-चार जणी, पाणी बाहेरून आणायचं, आणि रात्रीची शिफ्ट सुटली की अंधारात चालत जायचं. ६८२ बिर्रमध्ये भाडं आणि जेवण वजा जाता गावाकडे पाठवायला काही राहत नव्हतं, आणि ती आली होती तेच पाठवायला.

मग ती काय करते? भांडत नाही, निघून जाते. स्टर्नच्या त्याच अहवालात कारखान्यांमधले कामगार सोडून जाण्याचं प्रमाण पहिल्या वर्षात सरासरी १०० टक्क्यांच्या आसपास असल्याचं लिहिलंय, म्हणजे वर्षात सगळी माणसं एकदा बदलली. हे हवासाचं वेगळेपण नाही. ब्लॅटमन आणि डेरकॉन या संशोधकांनी इथिओपियातल्या पाच कारखान्यांत जवळजवळ हजार अर्जदारांवर प्रयोग केला होता, २०१८ ला छापून आला. नोकरी मिळालेल्यांपैकी एक तृतीयांश पहिल्या महिन्यातच गेले, वर्षभरात ७७ टक्के. कारण आळस नाही, त्यांनी हिशोब केला. शेतात, बाजारात, घरी बसून काहीबाही विकून जेवढं मिळतं तेवढंच कारखान्यात, वर धूळ, केमिकल, ओरडा. गंभीर आजारांचं प्रमाणही कारखान्यात गेलेल्यांमध्ये वाढलेलं दिसलं.

आपल्या लोकांचं मात्र यावर एक ठरलेलं वाक्य असतं, "इथल्या लोकांना कामाची सवय नाही." अदिसच्या हॉटेलांच्या लॉबीत हे इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. सवय असायला आधी कामाने पोट भरायला लागतं. केनियाच्या ईपीझेडमध्ये, म्हणजे निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक भागात, १९९० च्या दशकापासून कारखाने चाललेत, तिथे ऑपरेटर बाईची आईसुद्धा कधी ऑपरेटर होती, तिला माहीत असतं की तीन महिने तग धरला की पीसरेट (नगामागचा दर) कसा वाढतो, सुपरवायझर ओरडला तर कोणाकडे जायचं, कागद कुठला मागायचा. हवासाच्या मुलीला हे सांगणारं घरात कोणी नव्हतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, एवढी स्वस्ताई असून सगळे का नाही गेले. याचं उत्तर बहुतेक जण "प्रॉडक्टिव्हिटी कमी म्हणून" असं देतात. मी इंजिनियर आहे, हिशोब करून दाखवतो की ते पुरेसं नाही. समजा एक साधी कॉटन पँट, सॅम २० मिनिटं, म्हणजे शिवायला ठरवलेला वेळ २० मिनिटं. केनियात २०७ डॉलर, महिन्याचे २०८ तास, तासाला साधारण एक डॉलर. लाइनची एफिशियन्सी ६० टक्के धरली तर तासात ३६ मिनिटांचं काम निघतं, मिनिट पावणेतीन सेंटला पडतं, पँटची शिलाई ५५ सेंट. इथिओपियात तास साडेबारा सेंटचा, एफिशियन्सी मुद्दाम वाईट म्हणजे ३५ टक्के धरा, तासात २१ मिनिटं, तरी मिनिट ०.६ सेंट आणि पँटची शिलाई १२ सेंट. म्हणजे अर्ध्या स्पीडने काम करूनही इथिओपिया चार पट स्वस्त! (एफिशियन्सीचे आकडे हिशोबापुरते घेतलेत, लाइननुसार बदलतात.) फरक किती पडला, ४३ सेंट.

आता या ४३ सेंटसमोर काय काय उभं आहे ते बघा. पँट सहा डॉलर एफओबीची (जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) असेल तर अमेरिकेत कॉटन पँटवर ड्युटी १६.६ टक्के, म्हणजे एक डॉलर. सिंथेटिक निट शर्ट असेल तर ३२ टक्के. ही ड्युटी आफ्रिकेतल्या देशांना अमेरिकेच्या अगोआ कायद्याखाली माफ होती, २००० साली आलेला कायदा, आणि त्यात कपडा चीनचा किंवा भारताचा वापरला तरी चालायचं. म्हणजे एका सहीवर एक डॉलर, आणि शिलाईच्या सगळ्या पगारातला फरक ४३ सेंट. आणि ती सही गेली. इथिओपियाच्या उत्तरेकडे तिग्रेचं युद्ध नोव्हेंबर २०२० ला सुरू झालं, त्यावरून नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने सांगितलं की इथिओपियाला अगोआतून काढतोय, १ जानेवारी २०२२ पासून काढलं. पीव्हीएच ही अमेरिकन ब्रँडवाली कंपनी, जी हवासात सगळ्यात मोठी ओळख होती पार्कची, तिने नोव्हेंबरमध्येच कारखाना बंद करतोय म्हणून सांगितलं. मुलीचा पगार जवळजवळ आठपट कमी असून उपयोग काय झाला? पगार कमी ठेवून जे वाचवलं होतं ते ड्युटीने एका झटक्यात गिळलं.

आणि ड्युटीच्या आधीही इथिओपियाच्या हिशोबात गळती होतीच. देशाला समुद्र नाही, माल शेजारच्या जिबुतीच्या बंदरावरून. अदिस-जिबुती रेल्वे साडेसातशे किलोमीटरची, २०१८ पासून मालासाठी चालू, पण हवासातून अदिसपर्यंत ट्रकच. धागा, बटण, झिप, लेबल, सगळं बाहेरून येणार, आणि डॉलरची एलसी (बँकेचं हमीपत्र) मिळायला बँकेत रांग. झिप अडकली की लाइन बसून राहते, मग शिपमेंट लेट, मग माल विमानाने, म्हणजे एअर. एका पँटचं एअरचं भाडंच एक-दीड डॉलरच्या घरात जातं. एकदा एअर केलं की तीन पँटच्या शिलाईतली बचत एका पँटवर उडाली. वर आमच्यासारखे भारतीय, श्रीलंकन, फिलिपिनो सुपरवायझर, त्यांचे डॉलरमधले पगार, घर, तिकीट, आणि दर महिन्याला नव्या मुलींचं ट्रेनिंग. वीज मात्र इथिओपियात खूप स्वस्त, धरणाच्या पाण्यावरची, केनियात वीज महाग आणि बिल बघून मालक रडतो. पण शिलाईच्या कारखान्यात वीज हा मोठा खर्च नाहीच, स्पिनिंग-वीव्हिंगला असतो.

कायद्याबद्दल विचारलंत तर गंमत आहे. कागदावर इथिओपिया अजिबात मागे नाही. २०१९ च्या लेबर प्रोक्लमेशनमध्ये (कामगार कायद्यात) दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तास, ओव्हरटाइम दिवसा दीडपट, रात्री पावणेदोनपट, साप्ताहिक सुट्टीला दुप्पट आणि सणाच्या दिवशी अडीचपट. ओव्हरटाइम दिवसाला चार आणि आठवड्याला बारा तासांच्या वर नाही. बाळंतपणाची पगारी रजा १२० दिवस. केनियात २००७ च्या एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्टप्रमाणे ती तीन महिने. नवऱ्याला मात्र केनियात दोन आठवडे, इथिओपियात तीन दिवस. वर्षाची रजा केनियात २१ दिवस, इथिओपियात पहिल्या वर्षी १६. आणि सगळ्यात मजेशीर, संघटना करायच्या हक्काचा आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) ८७ नंबरचा करार इथिओपियाने १९६३ मध्येच मान्य केलाय आणि केनियाने अजून केलेला नाही! नुसते कागद बघून ठरवलं तर तुम्ही चुकीच्या देशाला जास्त मार्क द्याल.

फ्लोअरवर उलट दिसतं. केनियात टेलर्स अँड टेक्स्टाइल वर्कर्स युनियन आहे, वर सीओटीयू ही युनियनांची मध्यवर्ती संघटना आहे, तिचे नेते अत्वोली तर टीव्हीवर रोजच, कामगारांना ते आवडतात की नाही हा वेगळा विषय. सीबीए, म्हणजे मालक आणि युनियनचा पगाराचा करार, होतो. सीबीए नसेल तरी वेज ऑर्डर आहे आणि ती मोडली तर लेबर ऑफिस आहे, एम्प्लॉयमेंट अँड लेबर रिलेशन्स कोर्ट आहे, आणि तिथे खरंच केस उभी राहते, निकाल नेटवर वाचायला मिळतात, रक्कम द्यावी लागते. २०१० च्या घटनेत ४१ व्या कलमात कामगाराचे हक्क लिहिलेत, संपासकट. हे काही दानात मिळालेलं नाही, २००३ च्या सुरुवातीला नवं सरकार आल्याआल्या अथी रिव्हर आणि नैरोबीच्या ईपीझेडमध्ये संपांची लाट आली होती, दगडफेक, अश्रुधूर, सगळं. तोपर्यंत युनियनला गेटच्या आत घेत नव्हते. इथिओपियात खाजगी क्षेत्राला किमान वेतनच नाही, प्रोक्लमेशनमध्ये वेज बोर्ड नेमायचं लिहिलंय, पण आकडा अजून बाहेर पडलेला नाही. सरकारने स्वतःच्या नोकरांचा सगळ्यात खालचा पगार २०२४ मध्ये १,१०० वरून ४,७६० बिर्र केला, म्हणजे काय लागतं हे सरकारला माहीत आहे. पार्कमधल्या मुलीला कोणता आकडा धरून भांडायचं तेच माहीत नाही.

माझं मत विचाराल तर सगळा फरक इथेच आहे. केनियातली बाई पेस्लिप हातात घेऊन म्हणू शकते की ऑर्डरमध्ये अमुक आहे आणि तुम्ही तमुक दिलंय. तिच्याकडे एक छापील आकडा आहे. त्या आकड्यात पोट भरत नाही, पण त्याच्या खाली तिला ढकलता येत नाही, आणि मालकाला पुढच्या १ मे ला काय होईल याची धाकधूक असते.

म्हणून केनिया स्वर्ग आहे असं समजू नका. तिथली चलाखी वेगळी. एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्टचं ३७ वं कलम म्हणतं की कॅज्युअल माणूस सलग महिनाभर राबला की त्याला महिन्याच्या पगाराचा कामगार मानायचं. मग कारखाने काय करतात, तीन महिन्याचं, सहा महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट देतात, संपलं की थोडे दिवस ब्रेक, मग परत नवीन. दहा-दहा वर्षं काम केलेल्या बायका कागदावर दर सहा महिन्याला नवीन. सीझन संपला, ऑर्डर नाही, की "बोलावू तेव्हा या". कामावरून कमी करताना वर्षाला किमान १५ दिवसांचा पगार द्यायचा असं कलम ४० मध्ये आहे, पण तुमची नोकरीच दर सहा महिन्याला संपत असेल तर कुठली वर्षं मोजणार. सकाळी गेटवर कामासाठी उभे राहणारे शंभर जण रोज दिसतात, आणि गेटवर घेणाऱ्या माणसाच्या हातात जी ताकद असते तिचा गैरफायदा घेतला जातो, पैशाने आणि बायकांच्या बाबतीत पैशापेक्षा वाईट पद्धतीने. सुपरवायझरचा त्रास दोन्ही देशांत आहे, केनियात त्याबद्दल उघड बोललं जातं एवढंच.

टार्गेटचं पण तसंच. केनियात टार्गेट वाढवलं की संध्याकाळपर्यंत लाइनमध्ये कुजबूज, दुसऱ्या दिवशी शॉप स्टुअर्ड (फ्लोअरवरचा युनियनचा प्रतिनिधी) टेबलासमोर उभा. हवासात टार्गेट वाढवलं की कोणी काही म्हणत नाही, सोमवारी आठ मशिनी रिकाम्या असतात. नवीन मॅनेजरला दुसरं सोपं वाटतं, कारण आवाज नसतो. महिना संपला की कळतं.

तुमच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी, कारण ऑफर तुमची आहे. हवासाच्या भागात प्रोटेस्टंट जास्त आहेत, त्यामुळे ऑर्थोडॉक्स लोकांच्या बुधवार-शुक्रवारच्या उपासाचं जे अदिसमध्ये ऐकाल ते तिथे तेवढं लागू नाही, पण रविवार चर्चचा, रविवारचा ओव्हरटाइम लावला की लाइन ओस पडणार. घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, "दोन वाजता" म्हणजे आपले सकाळचे आठ, केनियात स्वाहिलीतही तसंच पण ऑफिसात इंग्रजी वेळच चालते. पगार इथिओपियात असेल तर किती भाग डॉलरमध्ये आणि तो भारतात थेट जमा होणार का, हे लेटरमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. टॅक्स दोन्हीकडे वरच्या स्लॅबला ३५ टक्के, तर नेट पगार बोला, ग्रॉस नाही. नैरोबीत आपलं महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती-दिवाळी होते, भाजीत मेथी-कोथिंबीर मिळते, बायकोमुलांना घेऊन राहायचं असेल तर केनिया. हवासा सुंदर, तळ्याकाठचं गाव, हवा छान, पण मुलांच्या शाळेचा प्रश्न पडतो.

आणि कुठलीही ऑफर घेण्याआधी एचआरला तीन गोष्टी विचारा, गेल्या बारा महिन्यांत किती ऑपरेटर घेतले आणि आज त्यातले किती आहेत, बेसिक कुठल्या आकड्यावर ठरवलं, आणि सगळ्यात मोठा बायर अमेरिकेचा की युरोपचा. पहिल्याचं उत्तर देताना एचआर अडखळला तर तुमचा अर्धा दिवस रोज ट्रेनिंग लाइनवर जाणार असं धरा. तिसरं याच्यासाठी की अगोआची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ती फक्त २०२६ अखेरपर्यंत वाढवली, केनियाची ईपीझेड जवळजवळ पूर्ण अमेरिकेवर उभी आहे, आणि तेव्हापासून बायर लांबच्या ऑर्डर देताना हात आखडता घेतात. युरोपला दोन्ही देशांचा माल ड्युटीशिवाय जातो, त्यामुळे ज्या कारखान्याचा अर्धा तरी माल युरोपला जातो तिथे तुमचीही नोकरी जास्त टिकेल आणि तुमच्या लाइनवरच्या बायकांचीही.